पालेभाजी, पुरावा आणि ‘निवड’ : मातृपोषणविषयक दोन अभ्यासांचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

दैनंदिन आहार आणि आरोग्य यांच्या परस्परसंबंधावर मराठीत विपुल लेखन होत आले आहे. गृहविज्ञान, समाजशास्त्र, शारीरिक शिक्षण, अर्थशास्त्र अशा भिन्न विद्याशाखांतील अभ्यासकांनी हा विषय हाताळला आहे. तथापि या लेखनाचा एक साचा ठरून गेल्याचे जाणवते. प्रारंभी समतोल आहाराचे महत्त्व सांगितले जाते, त्यानंतर ‘संशोधनाने सिद्ध झाले आहे’ अशी ग्वाही दिली जाते, मग शंभर-सव्वाशे विद्यार्थिनींकडून भरून घेतलेल्या प्रश्नावलीची टक्केवारी येते आणि अखेरीस ‘जनजागृती होणे गरजेचे आहे’ अशी शिफारस करून लेख थांबतो. कोणत्या संशोधनाने, नेमके काय, कोणाच्या बाबतीत आणि किती प्रमाणात सिद्ध केले, हा प्रश्न या साच्यात कोठेच बसत नाही. वस्तुतः समीक्षेचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.

प्रस्तुत लेखात त्यासाठी एक मर्यादित उदाहरण घेतले आहे. गर्भवतीने हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध घेतल्यास बाळाचे वजन चांगले भरते, हे विधान आपल्याकडे आजीपासून आरोग्यसेविकेपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. या विधानाची शास्त्रीय तपासणी महाराष्ट्रातच, एकदा पुणे जिल्ह्यातील खेड्यांत आणि एकदा मुंबईतील झोपडपट्ट्यांत, अत्यंत परिश्रमपूर्वक झाली आहे. दोन्ही अभ्यासांना आंतरराष्ट्रीय ख्याती लाभली. परंतु आपल्या मराठी लेखनात ते एकत्र वाचले गेल्याचे फारसे आढळत नाही. ते एकत्र वाचले असता जे चित्र उभे राहते ते घोषवाक्याइतके सरळ नाही.

पुण्याचे निरीक्षण

पुण्यातील के. ई. एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने १९९३ मध्ये ‘पुणे मातृपोषण अभ्यास’ सुरू केला. पुण्याजवळील सहा खेड्यांतील विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच घेण्यात आली, ही या अभ्यासाची सर्वांत मोठी जमेची बाजू होय. गर्भावस्थेच्या १८ व्या आणि २८ व्या आठवड्यात त्यांच्या आहाराची मोजदाद झाली. या स्त्रियांचे गर्भधारणेपूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते आणि पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम भरले. साउदॅम्प्टन येथील बाळांचे वजन सुमारे साडेतीन किलो असे. विशेष हे की, पुण्याची बाळे हाडापेराने व स्नायूंनी लहान असली तरी त्यांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. ‘कृश तरीही मेदयुक्त’ असे त्यांचे वर्णन याज्ञिक यांनी केले आणि भारतीयांत तुलनेने लवकर उद्भवणाऱ्या मधुमेहाच्या चर्चेला त्यातून नवी दिशा मिळाली.

आहारविषयक निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. मातेने घेतलेले एकूण उष्मांक अथवा प्रथिने यांचा बाळाच्या आकाराशी संबंध आढळला नाही. मात्र १८ व्या आठवड्यातील दुधाचे आणि २८ व्या आठवड्यातील हिरव्या पालेभाज्यांचे व फळांचे सेवन यांचा बाळाच्या आकारमानाशी स्पष्ट सहसंबंध दिसून आला. किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याला महत्त्व आहे, असा अर्थ यातून निघत होता आणि तो आपल्या परंपरागत समजुतीला पूरकही होता. हे निष्कर्ष वेगाने उद्धृत होऊ लागले यात नवल नाही.

येथे पहिली हरकत उपस्थित होते. शेपू, मेथी, चाकवत, अंबाडी, हरभऱ्याचा पाला या भाज्या खेड्यातील स्त्रीच्या ताटात कशा येतात? त्या विकत घेतल्या जातात त्याहून अधिक वेळा शेताच्या बांधावरून खुडून आणल्या जातात. म्हणजे घरात बागायती जमीन आहे काय, हंगाम कोणता आहे, सासू घरात आहे काय, स्त्रीला भाजी निवडायला उसंत आहे काय, या सर्व गोष्टी त्या एका ‘पालेभाजी’ या शीर्षकाखाली गोळा होतात. दुधाचेही तसेच. ज्या घरात दूध डेअरीला घालूनही शिल्लक राहते त्या घरची सूनच गर्भारपणात पेलाभर दूध पिते. संशोधकांनी अशा घटकांचा प्रभाव संख्याशास्त्रीय रीतीने वगळण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आणि तरीही सहसंबंध टिकला, हे नमूद करणे आवश्यक आहे. परंतु जे मोजले जाते तेवढेच वगळता येते. आहाराची आठवण सांगताना ‘एक वाटी भाजी’ म्हणजे कोणती वाटी, आणि शिजल्यावर मूठभर झालेली मेथी नेमकी किती, हा गोंधळ प्रत्येक आहारसर्वेक्षणात असतोच.

याच अभ्यासातून २००३ मध्ये आलेला दुसरा निष्कर्ष मात्र क्वचितच उद्धृत केला जातो. गर्भावस्थेत शेतकाम, विहिरीवरून पाणी आणणे, धुणे धुणे असे जड श्रम अधिक करणाऱ्या स्त्रियांची बाळे लहान असल्याचे त्यात दिसले. पालेभाजीचा निष्कर्ष व्याख्यानांतून घरोघर पोहोचला, श्रमाचा निष्कर्ष नियतकालिकाच्या पानांतच राहिला. भाजी खा असे स्त्रीला सांगता येते. तिच्या डोक्यावरचा हंडा उतरवायचा तर इतर कोणाला तरी सांगावे लागते. आहारविषयक लेखनातील निवडकपणाचे याहून बोलके उदाहरण प्रस्तुत लेखकाला ज्ञात नाही.

मुंबईची चाचणी

सहसंबंधावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे वाक्य आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो. पुण्याच्या निष्कर्षाबाबत ते केवळ वाक्य न राहता कृतीत आले, याचे श्रेय २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या मातृपोषण प्रकल्पाला द्यावे लागेल. झोपडपट्टीत राहणाऱ्या ६,५१३ स्त्रियांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध यांपासून तयार केलेला खाऊ, तर दुसऱ्या गटाला बटाटा, कांदा यांसारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या पदार्थांचा खाऊ दररोज देण्यात आला. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने आधीपासून प्रसूतीपर्यंत, नेहमीच्या आहाराव्यतिरिक्त, देखरेखीखाली तो खाल्ला जावा अशी योजना होती. गोळीऐवजी अन्नच देऊन, आणि तेही गर्भधारणेच्या आधीपासून, अशी चाचणी करणे किती दुष्कर असते याची कल्पना क्षेत्रीय काम केलेल्या कोणालाही येईल.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्यांची मोजमापे घेता आली अशा १,३६० नवजात बालकांचा एकत्रित विचार करता दोन गटांतील जन्मवजनात लक्षणीय फरक आढळला नाही. ज्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेण्यास आरंभ केला होता त्यांच्यात सुमारे ४८ ग्रॅमची वाढ दिसली. मात्र या अंदाजाची मर्यादा १ ग्रॅमपासून ९६ ग्रॅमपर्यंत पसरलेली होती. म्हणजे ही वाढ खरी असली तरी ती जवळजवळ शून्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, जन्मवजनावरील परिणाम मातेच्या मूळ वजनावर अवलंबून होता. अंगाने बऱ्या असलेल्या स्त्रियांच्या बाळांना लाभ झाला; सर्वांत कृश स्त्रियांच्या बाळांना तो झाला नाही. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप होता त्यांच्याच बाबतीत ताटातील एक पदार्थ बदलणे अपुरे ठरले.

तेव्हा चाचणी ‘फसली’ असे म्हणावे काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. २०१६ मध्ये याच प्रकल्पातून असे निदर्शनास आले की, पालेभाजी-फळे-दूध गटात गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण ७.३ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.४ टक्के होते. हा फरक लहान नाही. परंतु ही चाचणी मूलतः जन्मवजनासाठी आखलेली होती आणि मधुमेहाची तपासणी सर्व स्त्रियांची होऊ शकली नाही, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. आशादायक आणि सिद्ध या दोन विशेषणांतील अंतर राखणे हे वाचकाचे काम आहे. आणि अध्यापक हा प्रथमतः वाचक असतो.

फोलेट आणि ब१२

आता पुण्याच्याच अभ्यासाकडे पुन्हा वळू, कारण त्याचा पुढील अध्याय अधिक अडचणीचा आहे. पालेभाजीच्या उपयुक्ततेचे एक स्पष्टीकरण तिच्यातील फोलेट या जीवनसत्त्वात शोधले गेले होते. मातेच्या रक्तातील फोलेटचे प्रमाण आणि बाळाचे वजन यांचा सहसंबंध दिसलाही होता. ही बाळे सहा वर्षांची झाल्यावर त्यांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ब१२ जीवनसत्त्वाची पातळी कमी होती. फोलेटची कमतरता मात्र केवळ एका मातेत आढळली. ज्या मातांमध्ये फोलेट अधिक व ब१२ कमी होते त्यांच्या मुलांमध्ये इन्सुलिनला होणारा प्रतिरोध सर्वाधिक होता. मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेवरील ही एक खूण मानली जाते.

ब१२ वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. दूध, अंडी, मासे, मांस हेच त्याचे स्रोत. अशा समाजात मेथीची जुडी आणि फोलिक आम्लाची गोळी यांचाच पुरस्कार करीत राहणे आणि दुधाचा किंवा अंड्याचा प्रश्न रीतिरिवाजांच्या नाजूकपणामुळे टाळणे कितपत शास्त्रीय ठरेल? अर्थात हाही सहसंबंधच आहे, आणि फोलिक आम्लामुळे अर्भकाच्या मज्जासंस्थेतील जन्मजात व्यंगे टळतात हे स्वतंत्रपणे, चाचण्यांनिशी, सिद्ध झालेले आहे. म्हणून गोळी बंद करा असा अर्थ येथून काढणे घातक होईल. एकेका पदार्थाला ‘आरोग्यदायी’ अशी पदवी बहाल करण्याची आपली पद्धत तेवढी येथे उघडी पडते. फोलेटचे बरेवाईट ब१२ च्या सोबतीवर अवलंबून असते.

असे अनुभव केवळ आपल्याकडचेच आहेत असे नाही. भूमध्यसागरी आहाराची थोरवी ज्या स्पॅनिश चाचणीच्या आधारे गायिली जाते, तिचा २०१३ चा शोधनिबंध गटविभागणीतील त्रुटींमुळे २०१८ मध्ये मागे घेऊन, फेरविश्लेषण करून, अधिक सावध भाषेत पुन्हा छापावा लागला. उलट अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये अवघ्या २० व्यक्तींना चार आठवडे रुग्णालयात ठेवून केलेला प्रयोग लहान असूनही भक्कम ठरला. पोषकद्रव्यांचे प्रमाण समान राखूनही, अतिप्रक्रियायुक्त पदार्थ समोर असताना त्या व्यक्तींनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले. संख्या मोठी म्हणून पुरावा मोठा, हे समीकरण आपल्या प्रश्नावल्यांनी तरी सोडून द्यावे.

निवड कोणाची?

‘आहाराची निवड’ हा शब्दप्रयोग आपण पाश्चात्त्य लेखनातून जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे. दुकानाच्या फळीसमोर पैसे खिशात घेऊन उभी असलेली एकटी व्यक्ती त्यात गृहीत धरलेली असते. पुण्याच्या सहा खेड्यांतील स्त्री अशी उभी नव्हती. सर्वांचे जेवण उरकल्यावर पातेल्यात जे उरते ते तिच्या वाट्याला येते, ही गोष्ट निवडीच्या भाषेत सांगताच येत नाही.

आकडे मांडून पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एकूण उष्मांकांपैकी सुमारे ४५ टक्केच धान्यांतून यावेत, असे त्यांत अपेक्षिले आहे. २,००० उष्मांकांचा आहार धरला तर धान्यांच्या वाट्याला ९०० उष्मांक येतात. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य कुटुंबातील व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. म्हणजे दिवसाला सुमारे १६७ ग्रॅम, अथवा अंदाजे ५७० ते ५८० उष्मांक. उरलेले सर्व, म्हणजे डाळ, दूध, तेल, भाजी, फळ, हे मजुरीच्या पैशातून आणावयाचे आहे, आणि उष्मांकामागे द्यावी लागणारी किंमत याच पदार्थांची अधिक आहे. हातात पैसे कमी असले की पोट धान्यानेच भरले जाते. ४५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते ती बहुधा अज्ञानामुळे नव्हे. प्रश्नावलीतील ‘पालेभाजी आरोग्यास हितकारक आहे काय?’ या प्रश्नाला बहुसंख्य विद्यार्थिनी ‘होय’ असेच उत्तर देतात, हा अनुभव असे सर्वेक्षण तपासलेल्या बहुतेकांना असेल. आणि तरीही त्याच सर्वेक्षणाची शिफारस पुन्हा जागृतीचीच असते.

मुंबईच्या चाचणीकडे या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. तेथे स्त्रियांना पालेभाजीचे महत्त्व पटवून देऊन घरी पाठवले गेले नव्हते. खाऊ आयता मिळत होता, त्यासाठी पैसे मोजावे लागत नव्हते, आणि तो घरी नेऊन वाटून टाकण्याऐवजी केंद्रावर तिनेच खावा अशी व्यवस्था होती.