घड्याळाचे पात्र : द्रव्याचे नाम आणि गुणाचे क्रियापद

मनगटी घड्याळाचे कवच कशाचे असावे, हा प्रश्न भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘घड्याळ’ हा शब्दच ‘घटी’, ‘घटिका’ या शब्दकुळातील, म्हणजे मुळात पात्रवाचक आहे. तळाशी सूक्ष्म छिद्र असलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर ठेवीत. ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटका होई. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार त्या पात्राचीच स्मृती होय. घड्याळाच्या कवचास व्यवहारात आपण ‘केस’ म्हणतो. पण पात्र म्हणून पाहिल्यास त्याच्या परीक्षणाची परिभाषा मराठी स्वयंपाकघरात तयारच आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

बंगळूर येथे हिंदुस्थान मशीन टूल्सने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली घड्याळे करण्यास प्रारंभ केला आणि मनगटी घड्याळ मध्यमवर्गाच्या आटोक्यात आले. त्या पिढीतील अनेक घड्याळांच्या पाठीवर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ अशी अक्षरे आढळतात. हे विधान सत्य, पण मर्यादित आहे : पोलादाची ती केवळ पाठ, अंग बहुधा पितळेचे, वर क्रोमचा मुलामा. नवी मुंबईसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाने मुलामा उडतो आणि खालचे पितळ हिरवे पडते. आपल्या गृहिणी यालाच ‘कळकणे’ म्हणतात. नामाने जे झाकले, ते या एका क्रियापदाने उघड होते.

अलीकडील असाधारण द्रव्यांनाही हीच कसोटी लावावी. १९७० साली सिटिझनने टिटॅनियमचे घड्याळ केले. हा धातू पोलादाच्या सुमारे निम्म्या वजनाचा असून घामाने गंजत नाही. मात्र पृष्ठभागावर विशेष प्रक्रिया केलेली नसल्यास त्यावर ओरखडे सहज उठतात. १९८३ सालच्या ‘स्वॉच’ने प्लॅस्टिकचे कवच हाच यंत्राचा आधार केला, घड्याळ स्वस्त झाले, पण ते उघडून दुरुस्त करण्याची सोय राहिली नाही. १९८५ साली ‘टिसो’ने आल्प्सच्या ग्रॅनिटमधून घड्याळे कोरली. दगड कळकत नाही हे खरे. पण आपटल्यास त्याचा टवका उडतो. येथे द्रव्य निवडले ते उपयोगाकरिता नव्हे, तर नवलाकरिता, असेच म्हणावे लागते.

‘सिरॅमिक’चे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. १९८६ साली ‘राडो’ने ते आपल्या घड्याळात योजिले. त्याचे भाषांतर कोणी ‘चिनी माती’ असे केल्यास ते चुकीचे ठरेल. घड्याळातील हे द्रव्य प्रामुख्याने झिर्कोनियम ऑक्साइडची भुकटी उच्च तापमानावर भाजून केलेले असते आणि पोलादाहून कितीतरी कठीण असते. त्यावर ओरखडा उठणे दुरापास्त. तथापि कपबशीविषयी आपण वापरतो ते ‘तडकणे’ हे क्रियापद त्यास यथार्थ लागू पडते. पोलादी कवच फरशीवर पडले तर त्यास पोचा येईल. सिरॅमिकचे तडकण्याचा संभव आहे. नाम चुकले, क्रियापद बरोबर ठरले!

यावरून निष्कर्ष असा की, द्रव्याचे दुर्मिळ नाव हे गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. जाहिरातीची भाषा नामप्रधान असते : टिटॅनियम, सिरॅमिक, कार्बन. वापरणाऱ्याची भाषा क्रियाप्रधान असते : कळकणे, गंजणे, झिजणे, पोचणे, तडकणे. पहिली भाषा आपण उसनी घेतली, यात गैर काही नाही. ज्ञानाबरोबर शब्दही यावयाचेच. परंतु दुसरी विसरलो, तर विक्रेत्यास विचारावयाचा प्रश्नच आपल्यापाशी उरणार नाही. ‘हे कशाचे आहे?’ याबरोबरच ‘हे कळकते की तडकते?’ असे जो विचारील, तो ग्राहक सहजी फसणार नाही. आणि त्याची मराठीही शाबूत राहील.