ललिता पवार : दुय्यम भूमिकेच्या मूल्यमापनाचा प्रश्न

चित्रपटांच्या चर्चेत 'दुय्यम भूमिका' हा शब्दप्रयोग बहुधा भूमिकेच्या लांबीवरून केला जातो. त्या व्यक्तिरेखेवर कथानकाचा किती भार आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ललिता पवार (१९१६–१९९८) यांची कारकीर्द या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे.

येवले येथे जन्मलेल्या ललिताबाईंनी बालवयातच मूकपटांत पदार्पण केले, आणि पुढे नायिका म्हणून लौकिक मिळविला. 'कैलास' (१९३२) या मूकपटाच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. १९४२ मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात सहनटाची थप्पड जोरात बसली. चेहऱ्याच्या एका बाजूस पक्षाघात झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचे व्यंग राहिले. नायिकेच्या भूमिकांचा मार्ग त्यामुळे खुंटला.

येथून पुढे त्यांच्याविषयी एक मत रूढ झाले. त्या बारीक झालेल्या डोळ्यानेच त्यांना खलनायिका केले, असे ते मत होय. वरवर पाहता त्यास आधारही सापडतो. प्रभातच्या 'रामशास्त्री'मध्ये (१९४४) त्यांनी आनंदीबाई उभी केली. व्ही. शांताराम यांच्या 'दहेज'मध्ये (१९५०) त्या हुंड्यासाठी सुनेचा छळ करणारी सासू झाल्या. पुढे 'खाष्ट सासू' म्हटले की त्यांचाच चेहरा प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर येऊ लागला. परंतु हे मत मान्य केल्यास दीर्घ साधनेचे श्रेय एका अपघाताच्या पदरी पडते, आणि कलावतीकडे केवळ व्यंगाचा धनीपणा उरतो. म्हणून त्याची परीक्षा होणे आवश्यक आहे.

ही परीक्षा त्यांच्या चित्रपटांवरूनच करता येते. 'श्री ४२०'मधील (१९५५) केळी विकणारी गंगामाई आणि हृषीकेश मुखर्जी यांच्या 'अनाडी'मधील (१९५९) मिसेस डिसा या भूमिका त्याच चेहऱ्याने, त्याच डोळ्याने केलेल्या आहेत. आणि प्रेक्षकांना त्या दोघींत आई दिसली. व्यंग हेच जर खलत्वाचे कारण असते, तर असे घडते ना. तेव्हा परिणामाचे मूळ अन्यत्र शोधले पाहिजे.

ते मूळ त्यांच्या बोलण्यात आणि त्या बोलण्याच्या लयीत आहे. मिसेस डिसा ही तोंडाने फटकळ घरमालकीण आहे. तिचे शब्द रागाचे असतात. पण त्या रागाखालचा जिव्हाळा आवाजातून झिरपत राहतो. शब्द एक सांगतो आणि स्वर दुसरे सांगतो, या विसंगतीतून ती व्यक्तिरेखा जिवंत होते. खलभूमिकांत हीच रीत त्यांनी उलट फिरविली आहे: तेथे शब्द गोड आणि स्वर विषारी. साधन एकच असून त्याचे दोन उपयोग आहेत, आणि दोन्ही जाणीवपूर्वक केलेले आहेत.

लांबीच्या निकषाचा फोलपणाही 'अनाडी'त दिसून येतो. मिसेस डिसांचा मृत्यू भेसळीच्या औषधाने होतो, आणि नायकावर खुनाचा आळ येतो. चित्रपटाचा सारा नैतिक प्रश्न या एका मृत्यूवर उभा आहे. ही बाई प्रेक्षकाला आपली वाटली नसती, तर औषध बनविणाऱ्या धनिकाचा अपराधही त्याला जाणवला नसता. या भूमिकेस फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक लाभले. पण 'सहायक' हे विशेषण येथे अपुरेच ठरते.

अर्थात त्यांच्या सर्वच भूमिका या उंचीच्या नाहीत. ठराविक साच्याच्या अनेक सासवा त्यांनी केल्या, आणि त्यांत पुनरावृत्ती आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र तो दोष मुख्यतः कथालेखकांचा होता. संधी मिळताच त्यांनी साचा मोडला आहे. 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या नायकावर भाळणारी करारी प्रौढा हा विनोदाचा विषय आहे. तरी त्या बाईचे एकटेपण त्यांनी हास्यास्पद होऊ दिले नाही.

दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेत (१९८७–८८) सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. मंथरा थोडाच काळ दिसते. पण तिच्या बोलण्यावाचून वनवास घडत नाही. कैकेयीच्या माहेरची ही दासी आहे, हे नाते त्यांनी प्रेक्षकाला विसरू दिले नाही; म्हणूनच तिचे कारस्थान आंधळ्या मायेचे फळ वाटते. मायेत कठोरपणा आणि कठोरपणात माया पाहण्याची जी दृष्टी 'अनाडी'त होती, तीच येथेही आहे.

सारांश, ललिता पवार यांच्या बाबतीत 'दुय्यम' हे विशेषण लावायचे तर ते श्रेयनामावलीतील स्थानापुरतेच. अपघाताने त्यांच्याकडून नायिकेचे पद हिरावून घेतले, एवढेच अपघाताचे कर्तृत्व. त्यानंतर जे घडले ते त्यांचे स्वतःचे आहे.