कुंपणच शेत खाऊं लागलें तर

कांहीं पुस्तकें अशीं असतात कीं, त्यांचें नुसतें नांव ऐकूनच सुशिक्षित वाचक दोन पावलें मागें सरतो. रॉबर्ट एफ. विल्यम्स यांचें ‘निग्रोज विथ गन्स’ हें इ. स. १९६२ मध्यें न्यूयॉर्क येथें प्रसिद्ध झालेलें लहानसें पुस्तक याच वर्गांतलें आहे. बंदुका हातीं घेतलेले निग्रो, असा त्या नांवाचा अर्थ. आणि तेवढ्यावरून पुस्तकाविषयीं जो ग्रह होतो, तो पुस्तक वाचून संपविल्यावर टिकत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. आमच्या बहुतेक वाचकांच्या विचारांचें पोषण अहिंसेच्या शिकवणीवर झालेलें आहे. आमचेंही झालेलें आहे. पोलीस म्हणजे रक्षक, आणि शस्त्र उचलणारा म्हणजे शांततेचा भंग करणारा, ही समजूत आपण घरांतूनच घेऊन आलों आहों. या समजुतीस हें पुस्तक जो प्रश्न विचारतें, तो टाळतां येण्यासारखा नाहीं. म्हणूनच त्याचा विचार थोडा सावकाशीनें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम्स यांचा जन्म १९२५ सालीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना संस्थानांत, मन्रो या लहान गांवीं झाला. अकरा वर्षांचे असतांना त्यांनीं एका गोऱ्या पोलिसास भर रस्त्यांत एका काळ्या स्त्रीस मारून खालीं पाडतांना व फरफटत तुरुंगाकडे नेतांना पाहिलें. जवळ उभे असलेले काळे पुरुष माना खालीं घालून निघून गेले. हें दृश्य त्यांच्या मनांतून कधींच गेलें नाहीं. पुढें सैन्यांत व मरीन दलांत नोकरी करून ते गांवीं परतले, तेव्हां काळ्या लोकांच्या हक्कांसाठीं सनदशीर मार्गानें झगडणाऱ्या एन. ए. ए. सी. पी. या जुन्या संस्थेच्या मन्रो शाखेंत अवघे सहा सभासद उरले होते. विल्यम्स अध्यक्ष झाले, आणि त्यांनीं प्रतिष्ठितांच्या मागें न लागतां मजूर, शेतकरी व सैन्यांतून परतलेले शिपाई यांच्यांतून नवे सभासद मिळविले. शस्त्र कसें धरावें हें या मंडळींना सरकारनेंच शिकविलें होतें.

तंटा सुरू झाला तो पोहण्याच्या तलावावरून. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या या तलावांत काळ्या मुलांस मज्जाव होता. तीं इतरत्र मिळेल त्या पाण्यांत पोहत आणि कधीं कधीं बुडून मरत. १९५७ सालीं विल्यम्स व त्यांचे सहकारी डॉ. अल्बर्ट पेरी यांनीं आठवड्यांतून एक-दोन दिवस तरी तलाव आपल्या मुलांसाठीं मोकळा ठेवावा, अशी मागणी केली. उत्तर आलें तें असें कीं, काळीं मुलें पोहून गेल्यावर प्रत्येक वेळीं सारें पाणी काढून टाकून नवें भरावें लागेल, आणि तो खर्च परवडणार नाहीं. हें उत्तर वाचतांना मराठी वाचकास महाड आठवल्यावांचून राहत नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर व त्यांचे अनुयायी चवदार तळ्याचें पाणी प्याले, तेव्हां पुढें त्या तळ्यांतून १०८ घागरी पाणी काढून पंचगव्यानें तें ‘शुद्ध’ करण्यांत आलें होतें. मन्रोच्या अधिकाऱ्यांस महाडचें नांवही ठाऊक नसेल. परंतु माणसाच्या स्पर्शानें पाणी बाटतें असें मानणारी बुद्धि दोहींकडे एकाच कुळांतली आहे.

मागणीचा परिणाम म्हणून कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या अतिरेक्यांची संघटना जागी झाली. सभा झाल्यावर क्लॅनवाल्यांच्या मोटारींचे तांडे भोंगे वाजवीत व गोळ्या झाडीत काळ्यांच्या वस्तींतून फिरूं लागले. या तांड्यांबरोबर पोलिसांचीही गाडी असे. तक्रार केली तर गाडी शांतता राखण्यासाठीं आहे असें उत्तर मिळे. तांडे बंद करा म्हटलें तर क्लॅनलाही सभास्वातंत्र्य आहे, असें सांगण्यांत येई. अखेर ५ ऑक्टोबर १९५७ च्या रात्रीं हा तांडा डॉ. पेरी यांच्या घरावर चालून आला. तेथें वाळूच्या पोत्यांआड विल्यम्स यांचे लोक बंदुका घेऊन बसले होते. गोळीस गोळीनें उत्तर मिळतांच तांडा उधळला. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट पुढेंच आहे. जे तांडे थांबविणें कायद्यानें अशक्य म्हणून इतके दिवस सांगण्यांत येत होतें, ते गांवच्या कौन्सिलनें तातडीची सभा भरवून तत्काळ बंद केले! कायदा तोच होता, पोलीसही तेच होते. बदलली होती ती एकच गोष्ट.

याच जातीचा दुसरा प्रसंग १९६१ च्या उन्हाळ्यांतला आहे. तलावाकडे जाणारी विल्यम्स यांची मोटार अडवून गोऱ्यांचा मोठा जमाव तिच्याभोंवतीं जमला. पोलीस पाहत उभे होते. आंतले लोक शस्त्रें घेऊन बाहेर येतांच पोलीस पुढें सरसावले ते जमावाला नव्हे, तर त्यांनाच निःशस्त्र करण्यासाठीं. शस्त्र देण्याचें त्यांनीं नाकारलें, तेव्हां मात्र रस्ता मोकळा करून देण्यास पोलिसांस फारसा वेळ लागला नाहीं. काळ्यांच्या हातांत बंदुका असूनही त्यांना अटक होत नाहीं, या दुःखानें गर्दींतला एक वृद्ध गोरा गृहस्थ रडूं लागला, असें विल्यम्स सांगतात. साऱ्या पुस्तकांत इतकें बोलकें चित्र दुसरें नाहीं. त्या वृद्धाचें दुःख खोटें नव्हतें. पोलीस आपलेच आहेत हा त्याचा आजन्म विश्वास त्या दिवशीं डळमळला होता.

विल्यम्स अतिशयोक्ति करीत आहेत काय, हा प्रश्न परीक्षकानें विचारलाच पाहिजे. त्यांचें वर्णन आम्हीं इतर नोंदलेल्या घटनांशीं ताडून पाहिलें. १४ मे १९६१ रोजीं आलाबामांतील बर्मिंगहॅम येथें काळ्या व गोऱ्या प्रवाशांची एक तुकडी बसच्या अड्ड्यावर उतरली, तेव्हां क्लॅनच्या लोकांस मारहाणीसाठीं पंधरा मिनिटें मोकळीं द्यावयाचीं, असें पोलिसांशीं आधींच ठरलेलें होतें. एफ. बी. आय. या मध्यवर्ती तपास-खात्यास आपल्या खबऱ्याकडून हें अगोदर कळलें होतें, तरीही तें स्वस्थ बसलें. जून १९६४ मध्यें मिसिसिपी संस्थानांत मतदारनोंदणीच्या चळवळींतील तीन तरुणांस एका उपशेरीफानें अटक केली, रात्रीं सोडलें, आणि पुन्हां गांठून क्लॅनच्या मारेकऱ्यांच्या स्वाधीन केलें. १९६७ सालीं मध्यवर्ती न्यायालयांत दोषी ठरलेल्या सात जणांत हा उपशेरीफही होता. आणि २००६ सालीं तर स्वतः एफ. बी. आय. नेंच आपल्या एका अहवालांत गोऱ्या वर्चस्ववाद्यांनीं पोलीसखात्यांत शिरकाव करून घेण्याच्या धोक्याची दखल घेतली. तेव्हां विल्यम्स यांची साक्ष खोटी आहे, असें म्हणण्यास जागा उरत नाहीं.

या साक्षीची मुळें फार मागें जातात. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांस अर्पण केली. त्याच वर्षाच्या ईस्टरच्या दिवशीं लुइझियानांतील कोलफॅक्स येथें, न्यायकचेरीचें रक्षण करण्यास जमलेल्या काळ्या नागरिकांची गोऱ्यांच्या सशस्त्र जमावानें कत्तल केली. मेलेल्यांपैकीं कित्येक शरण आल्यावर मारले गेले होते. जे थोडे आरोपी दोषी ठरले, तेही १८७६ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानें सुटले. शस्त्र बाळगण्याच्या हक्कावर मध्यवर्ती सरकारनें आक्रमण करूं नये, एवढाच राज्यघटनेचा अर्थ. जमावानें तो हिरावला तर त्याचें निवारण संस्थानानें करावें, असें न्यायालयाचें म्हणणें पडलें. आणि संस्थान तर हल्लेखोरांच्याच हातीं जात होतें. १८९२ सालीं आयडा बी. वेल्स या निर्भय पत्रकार स्त्रीनें प्रत्येक काळ्या घरांत बंदुकीस मानाचें स्थान असावें असें लिहिलें, तें या अनुभवाच्या जोरावर.

पुस्तकाचा सर्वांत मोठा गुण आमच्या मतें हा कीं, विल्यम्स यांच्या प्रतिपक्षाचेंही म्हणणें त्यांत छापलेलें आहे. १९५९ सालीं एका गर्भवती काळ्या स्त्रीवर अत्याचाराचा प्रयत्न केल्याचा आरोप असलेल्या गोऱ्या माणसास पंचांनीं निर्दोष सोडलें. त्या दिवशीं न्यायकचेरीच्या पायऱ्यांवर विल्यम्स यांनीं यापुढें हिंसेस हिंसेनें उत्तर देऊं, असे उद्गार काढले व संस्थेनें त्यांना सहा महिन्यांसाठीं दूर केलें. मात्र ज्या अधिवेशनांत ही शिक्षा कायम झाली, त्याच अधिवेशनानें आत्मसंरक्षणाचा हक्क मान्य असल्याचाही निर्वाळा दिला! मार्टिन ल्यूथर किंग यांनीं यावर लिहितांना तीन मार्ग वेगळे केले: शुद्ध अहिंसा, आत्मसंरक्षण, आणि प्रगतीचें साधन म्हणून संघटित हिंसा. यांपैकीं दुसरा मार्ग सर्व समाजांस मान्य आहे आणि शुद्ध अहिंसा न साधणाऱ्यांच्या बाबतींत गांधींनींही तो निषिद्ध मानला नाहीं, हें त्यांनीं कबूल केलें. तिसऱ्यास मात्र निक्षून विरोध केला. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवड करावयाची तर हिंसा बरी, हें गांधींचें मत आपल्या वाचकांस अपरिचित नाहीं. स्वतः किंग यांनीं १९५६ मध्यें घरावर बाँब पडल्यानंतर शस्त्राचा परवाना मागितला होता, व अधिकाऱ्यांनीं तो नाकारला होता. आणि १९९६ सालीं विल्यम्स वारले, तेव्हां त्यांच्या अंत्यविधीच्या वेळीं गौरवपर भाषण केलें तें रोझा पार्क्स यांनीं. ज्या दोन पंथांमध्यें आपण इतकी रुंद दरी कल्पितों, ते पंथ प्रत्यक्षांत इतके दूर नव्हते.

आतां दोषांकडे वळूं. पहिला दोष असा कीं, पोलीस पक्षपाती आहेत हें विल्यम्स दाखवितात, परंतु ते तसे कां आहेत, याचा व्हावा तितका खुलासा करीत नाहींत. अमेरिकेंत शेरीफ हा मतदारांनीं निवडून दिलेला अधिकारी असतो. दक्षिणेकडील संस्थानांत काळ्यांची नांवें नाना युक्त्यांनीं मतदारयादींतून वगळलेलीं असत. १९६५ च्या मतदानहक्क-कायद्यापर्यंत ही स्थिति बऱ्याच ठिकाणीं टिकून होती. ज्याचें मत नाहीं, त्याला शेरीफ जबाबदार कसा असेल? पक्षपाताचें मूळ केवळ शिपायाच्या मनांत नसून तो कोणास जबाबदार आहे यांत आहे. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. संरक्षण कोठें संपतें, ती मर्यादा पुस्तकांत स्पष्ट आंखलेली नाहीं. आणि १९६४ सालीं क्यूबांतून लिहितांना विल्यम्स शहरांतील गनिमी लढ्याच्या गोष्टी बोलूं लागले, तेव्हां किंग यांनीं दाखविलेली रेषा त्यांनीं ओलांडली, असें आम्हांस वाटतें. तथापि १९६१ मध्यें मन्रोच्या कौन्सिलपुढें त्यांनीं ठेवलेल्या दहा मागण्या पाहाव्या. कारखान्यांत काम, गरिबांस मदत, पोहण्याचा तलाव, शाळांतील भेदाचा अंत, डॉ. पेरी यांना वैद्यकीचा परवाना! त्यांत बंदुकीचें नांवसुद्धां नाहीं.

बंदुकीनें शेवटीं काय साधलें? क्लॅनचा तांडा तिनें परतविला. पण सरकारापुढें तिचें चाललें नाहीं. ऑगस्ट १९६१ च्या दंगलींत संतप्त गर्दींत सांपडलेल्या एका गोऱ्या जोडप्यास विल्यम्स यांनीं घरांत आश्रय दिला, असें ते सांगतात; सरकारनें त्यासच अपहरण ठरविलें. त्यांना सहकुटुंब देश सोडावा लागला; क्यूबा व चीन येथें राहून ते १९६९ मध्यें परतले, आणि आरोप मागें घेण्यांत आला तो १९७६ सालीं! मन्रोची चळवळ मात्र आपला पुढारी गमावून बसली. याच्या उलट उदाहरण लुइझियानांतील बोगलुसाचें. तेथें १९६५ मध्यें ‘डीकन्स फॉर डिफेन्स अँड जस्टिस’ या काळ्या मजुरांच्या सशस्त्र संघानें चळवळीच्या लोकांचें रक्षण केलें. रक्तपाताचें भय उभें राहतांच मध्यवर्ती सरकार न्यायालयांत गेलें. जुलैमध्यें मिरवणुकींचें संरक्षण करण्याचा हुकूम पोलिसांवर निघाला आणि डिसेंबरांत क्लॅनला मनाई झाली. म्हणजे बंदुकीनें न्याय दिला नाहीं. जो न्याय देण्यास बांधलेला होता, त्याला तिनें जागें केलें. एवढीच तिची किंमत, आणि एवढीच तिची मर्यादा. शिवाय राज्यकर्ते कोणत्या बंदुकीस भितात, तेंही पाहण्यासारखें आहे. १९६७ सालीं ब्लॅक पँथर पक्षाचे तरुण शस्त्रें घेऊन पोलिसांवर नजर ठेवूं लागतांच कॅलिफोर्नियांत भरलेली बंदूक उघडपणें बाळगण्यास बंदी करणारा कायदा त्याच वर्षीं झाला. क्लॅनच्या बंदुका पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतां दक्षिणेकडील कायदेमंडळांस अशी घाई कधीं झाली नव्हती.

त्याच पक्षाचें नांव घेऊन १९७२ मध्यें मुंबईंत दलित पँथर उभी राहिली. फुल्यांनीं १८७३ सालीं अमेरिकेकडे कृतज्ञतेनें पाहिलें. शंभर वर्षांनीं आपल्याकडील तरुणांनीं तिकडे पाहिलें तें मुक्त करणाऱ्यांकडे नव्हे, तर मुक्त होऊं पाहणाऱ्यांकडे. या अंतराचा अर्थ ज्यांना समजून घ्यावयाचा असेल, त्यांनीं हें पुस्तक अवश्य वाचावें. शस्त्र घेण्याचा उपदेश आम्ही कोणास करीत नाहीं. परंतु ज्याच्या दारावर रात्रीं जमाव येतो आणि जमावाबरोबर पोलिसांची गाडीही येते, त्याला शांततेचा उपदेश करण्यापूर्वीं ती गाडी तेथून हलविण्यासाठीं आपण काय केलें, हें प्रत्येकानें स्वतःस विचारावें. शेत राखणें हें कुंपणाचें काम आहे. तें शेत खाऊं लागलें, तर दोष काठी घेऊन उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याच्या माथीं मारून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं.