दहा मिनिटांचं नाटक आणि कर्जत-खालापूरचा मंच

मराठी हौशी रंगभूमीला एकांकिकेची सवय इतकी जडली आहे की छोटं नाटक म्हटलं तरी पाऊण तासाचाच हिशेब मनात येतो. ही सवय स्पर्धांनी लावली. पुण्याचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. पुढे सवाई आली, लोकांकिका आली आणि कर्जत-खालापूरच्या शेजारी पनवेलला अटल करंडक आला. या स्पर्धांनी नट, लेखक, दिग्दर्शक घडवले, तसा एक साचाही घडवला. लेव्हल्सवर चढणारा-उतरणारा समूह, दर दोन मिनिटांनी ब्लॅकआउट आणि शेवटाला धक्का. २०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या परीक्षकांनी करंडक कुणालाच न देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा बरंच वादळ उठलं. निर्णय योग्य की अयोग्य यावर लोक भांडले, साच्याबद्दल मात्र फार थोडे बोलले.

मुंबईपासून शंभर किलोमीटरवरच्या कर्जतमध्ये हा साचा परवडतच नाही. बारा-पंधरा जणांचा संच रोज संध्याकाळी जमवायचा, तर कुणी लोकलमध्ये असतो, कुणाची खोपोलीच्या कारखान्यात दुसरी पाळी असते. नेपथ्य, दिवे, टेम्पोचं भाडं हे वेगळंच. स्पर्धेपुरतं मंडळ उभं राहतं आणि स्पर्धा संपली की विखुरतं. दहा मिनिटांच्या नाटिकेला दोन-तीन नट पुरतात, रविवारच्या तालमींवर ती बसू शकते. अशा सहा-सात नाटिकांची एक संध्याकाळ हा या भागाला साजेसा आकार आहे. तरीही तो इथे शाळेच्या स्नेहसंमेलनातच अडकून राहतो, हे खटकतं.

खरं तर मराठीला हा आकार परका नाही. पुण्यातले शिक्षक शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजेच ‘दिवाकर’, यांनी १९११ पासून नाट्यछटा लिहायला घेतल्या. ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांवरून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. पण त्यांतली माणसं अस्सल इथली आहेत. एकच पात्र बोलतं, समोरची माणसं दिसत नाहीत, तरी त्यांची उत्तरं ऐकू आल्यासारखी वाटतात. पडदा नको, नेपथ्य नको. आपण या प्रकाराचं पाठांतराच्या बक्षिसात रूपांतर केलं आणि मोठ्या नटांनी त्याकडे पाठ फिरवली. तिकडे सिडनीत २००२ मध्ये ‘शॉर्ट अँड स्वीट’ हा दहा-दहा मिनिटांच्या नाटकांचा महोत्सव सुरू झाला आणि इतर देशांतही गेला.

जवळचं आणि जास्त मोलाचं उदाहरण ठाण्याचं आहे. रत्नाकर मतकरी यांनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेबरोबर ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला. वस्त्यांमधल्या मुलामुलींनी आपल्याच जगण्यातले विषय घेऊन छोट्या नाटिका रचल्या आणि ‘नाट्यजल्लोष’मध्ये त्या सादर केल्या. आयुष्यभर रंगभूमीवर वावरलेला नाटककार तिथे स्वतःची संहिता घेऊन गेला नाही, त्याने मुलांना स्वतःचं बोलायला लावलं. कर्जत-खालापूरला हवी आहे ती ही वाट.

अशा नाटिकांची संध्याकाळ बहुधा कोसळते ती दोन नाटिकांच्या मधल्या जागेत. सात नाटिका, म्हणजे सहा बदल. प्रत्येक बदलाला चार मिनिटं गेली तरी चोवीस मिनिटं प्रेक्षक अंधाराकडे बघत बसतो. त्यात निवेदक शाल-श्रीफळ घेऊन उभा राहिला की आधीच्या नाटिकेचा ठसा पुसलाच! सत्कार सुरुवातीलाच उरकावेत. सगळ्या नाटिकांना मिळून एक बाक, दोन खोके, एक खुर्ची. बदल उजेडातच, पुढच्या नाटिकेतल्या नटांनीच करावा. क्रमही विचारपूर्वक लावायला हवा. गलक्याच्या नाटिकेनंतर एकट्या नटाची नाटिका ठेवली की तेच प्रेक्षक आपोआप शांत होतात.

ऋतूचंही बघायला हवं. भाद्रपदात गणपतीच्या मांडवाच्या पत्र्यावर पाऊस कोसळत असताना संवाद पहिल्या रांगेतही पोचत नाही. खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाचं देऊळ आहे. तिथल्या माघी उत्सवाचे दिवस कोरडे, हवेत गारवा असलेले. नाटिकांना हा काळ कितीतरी सोयीचा.

आता विषय. फार्महाऊससाठी विकलेली जमीन, वीटभट्टीवर जाणारी कातकरी कुटुंबं, त्यांच्याबरोबर जाऊन शाळा सुटलेली मुलं, शेवटच्या खोपोली गाडीची वाट पाहणारी माणसं: यातला प्रत्येक विषय दहा मिनिटांत मावतो. पण शब्द इथले हवेत. सदाशिव पेठेतलं बोलणं पाठ करून रंगवलेला ठाकर म्हातारा पाहवत नाही.

सगळ्यांत अवघड विषय इर्शाळवाडीचा. जुलै २०२३ मध्ये दरड कोसळून खालापूरच्या डोंगरातली ही आदिवासी वाडी गाडली गेली. स्पर्धेच्या एकांकिकेत तिचं काय होईल याचा अंदाज येतो: धूर, किंकाळ्या, मेणबत्त्या. त्यापेक्षा एखाद्या बाईने दहा मिनिटं पुनर्वसनातल्या नव्या घराबद्दल बोलावं, स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आलं, शेळ्या बांधायच्या कुठे, एवढंच. ती नाटिका आसपासच्या वाड्यांतल्या मुलांनीच रचायला हवी. मंडळांनी त्यांना तालमीची जागा, एखादा जाणता दिग्दर्शक आणि येण्याजाण्याचं भाडं द्यावं, आणि पहिला प्रयोग त्यांच्याच वाडीवर, दिवसाउजेडी करावा.