अंधारातील गायकी

मराठीत आपण फिल्म ‘धुतो’. फोटो काढून झाले की रोल धुवायला टाकावयाचा आणि चार दिवसांनी आणावयास जायचे, ही भाषा दोन-तीन पिढ्या आपल्या तोंडी होती. कपडे परटाकडे टाकावेत, तसेच हे. या एका क्रियापदाने छायाचित्रकलेवर थोडा अन्याय केला आहे, असे मला वाटते. धुण्याने कपड्याचा मळ जातो. नवे काही निर्माण होत नाही. फिल्म धुताना मात्र डोळ्यांना न दिसणारे चित्र दिसू लागते, आणि ते कसे दिसावे याचा निम्मा निर्णय तेथेच होतो. आपल्याकडे छायाचित्रांवर जे थोडेफार लिहिले जाते, त्यात रचनेची, चौकटीची, साधलेल्या क्षणाची वाखाणणी असते. अंधारखोलीत काय घडले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

ही उणीव सर्वांत अधिक जाणवते ती शीट फिल्मच्या बाबतीत. शीट फिल्म म्हणजे सुटी फिल्म: चार बाय पाच इंचांचा किंवा त्याहून मोठा एकेक तुकडा, आणि एका तुकड्यावर एकच चित्र. कॅमेरा भात्याचा, तिकाटण्यावर उभा केलेला; छायाचित्रकार डोक्यावर काळे फडके घेऊन मागच्या काचेवर उलटे दिसणारे जग निरखीत असतो. रानातला गवा या थाटापुढे थांबेल, अशी आशा कोणी करू नये!

पण ज्या राधानगरीच्या रानात हा गवा राहतो, तेथील धरणाचेच उदाहरण घेऊ. शाहू महाराजांनी भोगावतीवर हे धरण बांधावयास घेतले आणि गावाला आपल्या कन्येचे, राधाबाईंचे, नाव दिले. काम मात्र त्यांच्या पश्चात, स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. भर पावसाळ्यात जलाशय भरला की धरणाचे स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी दुधासारखे फेसाळत खाली कोसळते. आसपास दाजीपूरकडे पसरत गेलेले, 1958 साली अभयारण्य ठरलेले गर्द रान. ढगांतून क्षणभर ऊन पडले, की एकाच चौकटीत लखलखीत पांढरे आणि जवळजवळ काळे अशी दोन टोके येतात. सामान्य छायाचित्रात मग एक तर फेसाचा चुना होतो, नाही तर रानाचे डांबर.

यावर जुन्या जाणत्यांचा एक नियम आहे: सावलीसाठी प्रकाश द्यावा, उजेडासाठी धुवावे. त्यामागचे कारण सोपे आहे. प्रकाश लागलेल्या रौप्यकणांचे डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतर होते. सावलीच्या भागात असे कण थोडे, त्यामुळे तेथील काम लवकर आटोपते. उजेडाच्या भागात ते पुष्कळ, त्यामुळे तेथे काळेपणा वाढतच राहतो. म्हणून रानाच्या सावलीला पुरेल एवढा प्रकाश आधीच द्यावयाचा आणि नेहमीची दहा मिनिटे असतील तर आठव्या मिनिटाला फिल्म बाहेर काढावयाची. फेसातली प्रत्येक धार शाबूत राहते. पुढच्याच घटकेला ढग दाटून सारे करडे झाले, तर दुसऱ्या तुकड्याला उलट बारा मिनिटे द्यावी लागतात. रोलमधील सर्व चित्रांच्या नशिबी एकच न्हाण असते. सुट्या फिल्मचा प्रत्येक तुकडा आपले नशीब वेगळे घेऊन येतो.

हे काम घरी करता येते. रात्रीची मोरी, दाराच्या फटीत कोंबलेली गोधडी, ओळीने मांडलेले तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी आणि हायपो. सर्व रंगांना जागी असणारी फिल्म लाल दिवाही सोसत नाही. म्हणून काम बोटांनीच करावयाचे. फिल्मच्या कोपऱ्यावर खाचा असतात. फिल्म उभी धरून त्या वरच्या उजव्या कोपऱ्यात आल्या, की लेपाची बाजू आपल्याकडे. औषधाची उष्णता बहुधा वीस अंश धरलेली असते. पाणी त्याहून उबदार असले तर मिनिटे कमी करावी लागतात. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ. ते उकळून, निववून, गाळून न घेतले तर एखादा बारीक कण ओल्या लेपावर कायमचा ओरखडा काढतो.

अमेरिकेतील थोर छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स हे मुळात पियानोवादक. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली संहिता आणि कागदावरची प्रत म्हणजे मैफल, अशा आशयाची त्यांची उपमा प्रसिद्ध आहे. आपल्या भाषेत बोलावयाचे तर निगेटिव्ह ही बंदिश आणि छपाई ही गायकी. उपमा गोड आहे, पण मला ती अपुरी वाटते. बंदिश पुन्हा पुन्हा मांडता येते. छपाईही बिघडली तर पुन्हा करता येते. फिल्म मात्र एकदाच डेव्हलपरमध्ये उतरते. नवव्या मिनिटाला जे झाले ते आठव्यावर परत नेता येत नाही. तेव्हा घरी फिल्म धुणाऱ्यापुरते तरी निगेटिव्ह ही बंदिश नव्हे. अंधारात, श्रोत्यांवाचून झालेल्या एकमेव मैफलीची ती खूण आहे. स्वतः ॲडम्स यांनी धुण्याची वेळ कमी-अधिक करण्याचे जे शास्त्र बांधले, तेही माझ्या मते याच बाजूने साक्ष देते.

यावर कोणी म्हणेल, फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ अंधारखोलीचे काम दुसऱ्यांवर सोपवीत. ते काय लहान कलावंत होते? मुळीच नाही. पण त्यांची कला निसटत्या क्षणाची, हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याची. धरणासमोर तिकाटणे रोवून बसलेल्याची कला छटांची असते, आणि छटा अंधारातच ठरतात. दोन्हींना एकच माप लावणे ही टीकेची चूक होय.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, त्यामागे दादरच्या एका घरातला काळोख होता. सरस्वतीबाई फाळके यांनी घर सांभाळून अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडली, रसायने कालवली, फिल्म धुतली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपला कॅमेरा आपणच घडवला आणि 1920 साली ‘सैरंध्री’ दाखविला, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण कौतुक कॅमेऱ्याच्या वाट्याला येते. धुणारे हात मागे राहतात. सरस्वतीबाईंना आपण ‘हातभार लावणारी पत्नी’ म्हणून थांबतो. माझ्या मते त्या चित्राच्या निर्मितीत त्या भागीदार होत्या.

आता फोन क्षणात चित्र दाखवितो आणि फेस नि रान यांची तडजोडही परस्पर करून टाकतो. त्याबद्दल तक्रार नाही. शीट फिल्म अजून बनते, अजून घरांत धुतली जाते. हौशी माणसे ती परंपरा चालवितात. त्यांचे चित्र पाहताना ‘कॅमेरा कोणता?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘किती मिनिटे धुतलेत, आणि का?’ हेही विचारावे. ते खुलतील, आणि चित्रही अधिक कळेल.

आणि वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या ट्रंकेतून आजोबांच्या वेळच्या निगेटिव्ह निघाल्या, तर ‘फोटो आहेतच की’ म्हणून त्या रद्दीत घालू नका. फोटो ही प्रत आहे. अस्सल ती हीच. कडेला धरून एखादी खिडकीपाशी न्या. पांढऱ्या केसांची काळी आजी तीत दिसेलच, तिच्या नऊवारीच्या काठावरची नक्षीही कदाचित दिसेल. ती नक्षी राखायला कोणीतरी योग्य मिनिटाला हात बाहेर काढला होता.