'द ज्युरी इज स्टिल आउट' : सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याआधी थांबा

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये पूर्वसंशोधनाचा आढावा संपता संपता एक वाक्य हमखास भेटतं : 'द ज्युरी इज स्टिल आउट.' काहीजण त्याचं मराठीत 'ज्युरी अजून बाहेर आहे' करतात. वाचताना ज्युरी चहाला गेल्यासारखी वाटते. पण माझा खरा आक्षेप भाषांतरावर नाही, वापरावर आहे.

आधी अर्थ बघू. ज्युरी पद्धतीत दोन्ही बाजूंचे साक्षीपुरावे आणि युक्तिवाद संपले, की ज्युरीचे सदस्य विचारविनिमयासाठी वेगळ्या खोलीत जातात. म्हणजे पुरावा मांडून झालाय, निर्णय तेवढा बाकी आहे. आपल्याकडच्या कोर्टाच्या बातम्यांत याच्या जवळचा शब्दप्रयोग आहे : 'निकाल राखून ठेवला.'

आता समजा, तुम्ही लिहिलंत : 'आकुर्डीच्या बजाज ऑटो कारखान्यातलं वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबलं. परिसरातल्या लघुउद्योगांवर त्याचा काय परिणाम झाला, याबाबत द ज्युरी इज स्टिल आउट.' इथे स्वतःला विचारा : यावर अभ्यास झालेत पण निष्कर्ष जुळत नाहीत, की कुणी अभ्यासच केलेला नाही? पहिलं असेल तर वाक्य चालेल. दुसरं असेल तर सुनावणीच झालेली नाही, मग ज्युरी आत जाऊन विचार कशाचा करणार?

हा फरक शब्दांपुरता नाही. निष्कर्ष जुळत नसतील तर ते का जुळत नाहीत, हे तुम्हाला शोधायचंय : नमुना वेगळा होता, काळ वेगळा होता की पद्धत? अभ्यासच नसेल तर वर्कशॉप-वर्कशॉप फिरून माहिती गोळा करण्यापासून सुरुवात. तुमचं वेळापत्रक, खर्च, पद्धत सगळंच बदलतं. 'रिसर्च गॅप' नेमकी कोणती, हेच हे वाक्य झाकून टाकतं.

आणि ज्युरी परतली म्हणजे प्रश्न सुटला, असंही नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात मुंबईच्या सेशन्स कोर्टात ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'दोषी नाही' म्हटलं. न्यायाधीशांना ते पुराव्याला धरून वाटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तिथे नानावटी दोषी ठरले, आणि १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम ठेवलं. 'आठ पेपर बाजूने, एक विरोधात' अशी डोकी मोजून आढावा उरकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पेपर मोजू नका, त्यातला पुरावा तोला.

म्हणून हे वाक्य खोडा आणि त्याजागी साध्या मराठीत लिहा : किती अभ्यास झाले, कुठे झाले, मतभेद नेमका कशावर. लिहिता आलं नाही, तर वाचन अजून बाकी आहे.