आवृत्तीचे नाव आणि नावाचा अर्थ

शास्त्रीय गणनेसाठी ऑपरेटिंग सिस्टिमची कोणती आवृत्ती निवडावी, हा प्रश्न यंत्रशाळेचा, भाषाभ्यासकाचा नव्हे, असे समजण्याचा प्रघात आहे. तो मला मान्य नाही. या क्षेत्रातील एकच नामकरणपद्धती तपासली तरी हा प्रश्न बव्हंशी अर्थनिश्चितीचा आहे, हे ध्यानी येईल.

लिनक्सच्या बहुतेक वितरणांत प्रोग्राम ग्लिबसी या मूलभूत लायब्ररीशी बांधलेले असतात. जुन्या ग्लिबसीवर बांधलेला प्रोग्राम सामान्यतः नव्या ग्लिबसीवर चालतो. उलट घडत नाही. म्हणून नमपाय, सायपाय इत्यादींची तयार पॅकेजे बुद्ध्याच जुन्या प्रणालीवर बांधली जातात. अशा पॅकेजांना २०१६ साली 'मेनीलिनक्स१' हे नाव मिळाले. पुढे 'मेनीलिनक्स२०१०' व 'मेनीलिनक्स२०१४' आली. ही नावे सदोष होत. पहिल्यातील अंक निव्वळ अनुक्रम सांगतो. तिसऱ्यातील साल सेंटओएस ७ चे आहे. पॅकेजास प्रत्यक्षात हवी असते ती ग्लिबसी २.१७, आणि ती तर डिसेंबर २०१२ मधली! २०१९ च्या पीईपी ६०० या प्रस्तावाने 'मेनीलिनक्स_२_१७' असे नाव सुचविले. येथे नाव हीच अट झाली, ही सुधारणा निःसंशय स्वागतार्ह होय.

परंतु हे नावही 'चालेल' एवढेच सांगते. 'तेच उत्तर देईल' असे सांगत नाही. आपल्या विषयात हा भेद निर्णायक ठरतो. सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ रोजी संपला, आणि पुष्कळांना अल्मालिनक्स ८ ही सर्वांत जवळची पायरी वाटली. तिच्यातील ग्लिबसी २.२८ चे. नेमक्या याच आवृत्तीत, २०१८ साली, वर्णानुक्रमाचे नियम बदलले. इंग्रजी लोकेलमध्ये पूर्वी '११' आधी व '१-१' नंतर येई. आता क्रम उलटा आहे. शब्दसूचीतून दर पन्नासावा शब्द घेऊन नमुना काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या सूचीत संयोगचिन्हयुक्त सामासिक शब्द असतील, तर त्याचा नमुना कोणतीही सूचना न मिळता बदलेल. प्रबंधात मात्र 'लिनक्सवर गणना केली' एवढाच उल्लेख! पाठभेदाची चिकित्सा करणाऱ्या आपल्या विभागास हा निष्काळजीपणा शोभत नाही.

'सी' लोकेल वापरल्यास क्रम स्थिर राहतो. पण त्यात 'ळ' हा 'ल'च्या लगेच पुढे येतो, 'ह'नंतर नव्हे. कोशासाठी तो निरुपयोगी. नमुना काढण्यास पुरेसा.

नवा प्रकल्प असल्यास अल्मालिनक्स ९, म्हणजे ग्लिबसी २.३४, घेण्यास हरकत नाही. अर्धवट प्रबंधाचे काम मात्र आहे त्या आवृत्तीच्या कंटेनरमध्येच पुरे करावे, क्रम लावलेली सूची फाइल म्हणून जपावी, आणि ग्लिबसीची आवृत्ती व लोकेल प्रबंधाच्या पद्धतिप्रकरणात नोंदवावे.